निळा आधी जातो

१ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी नाशिकची अख्खी अंबड औद्योगिक वसाहत बंद, म्हणून दुकान बंद. जानेवारीत अंजली मॅडमच्या शाळेत खगोल प्रदर्शन आहे. मॅडम सिडकोत विज्ञान शिकवतात, आमच्या आकाशमंडळाच्या सचिव आहेत. त्यांना माझ्याकडून एका सर्पिल दीर्घिकेचं मोठं चित्र हवंय. "आणि खंडेराव, चित्र कसं केलं तेही लिहून ठेवा. मुलं खोदून खोदून विचारतात," म्हणाल्या. म्हणून ही वही. मुलांना सांगण्यासारखं काय ते नंतर वेगळं काढीन. बाकीचं माझं मला.

आधी मी कोण ते. शिक्षण दहावी. धंदा गाड्यांचा रंग जुळवून देणं, अंबड लिंक रोडला. गाडीचं दार घासलं तर कंपनीचा रंग आणून भागत नाही; जुना रंग ऊन खाऊन बदललेला असतो. गॅरेजवाले गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून माझ्याकडे पाठवतात. ते बघून मी डब्यात तसाच रंग तयार करतो. मशिनवर जुळवणारे आता नाशकात पुष्कळ झाले. मशिनला जे जमत नाही ते माझ्याकडे येतं. हे मी म्हणत नाही, गॅरेजवाले म्हणतात.

जुळवताना मी डावा डोळा मिटतो. भद्रकालीतल्या माझ्या उस्तादांची ही पद्धत. दोन डोळ्यांचं आपसात जमत नाही, ते म्हणायचे, एकालाच विचारत जा. त्यामुळे माझा उजवा डोळा तयार आहे. डावा नुसता आहे.

खगोलशास्त्र मात्र उस्तादाशिवाय शिकलो. इंग्रजी पुस्तकं, शेजारी शब्दकोश. मंडळात दोन इंजिनिअर आहेत, त्यांना धूळ आणि वायू यातला फरक मी सांगितला.

८ नोव्हेंबर, शनिवार

दीर्घिका पक्की केली. एम चौऱ्याहत्तर, मीन तारकासमूहातली. (लोक सरसकट आकाशगंगा म्हणतात. आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या सगळ्या दीर्घिका. हे फलकावर लिहायला सांगायचं.) ही अगदी समोरून दिसते, त्यामुळे तिचे मध्यापासून वळत गेलेले हात नीट सुटे दिसतात. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने घेतलेली तिची माहिती सगळ्यांना खुली आहे. उतरवून घेतली.

मुलांसाठी: या हातांमध्ये नवे तारे जन्मतात. त्यातले थोराड तारे इतके तापट असतात की भोवतीच्या हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. असा फुटलेला वायू पुन्हा जुळताना ठरावीक रंगांत उजळतो. त्यात एक तांबडा, एक निळसर. दोघांचं प्रमाण निसर्गाने जवळजवळ बांधून दिलेलं आहे: तांबडा निळ्याच्या २.८६ पट. मोजल्यावर चार पट, पाच पट आला, तर तांबडा वाढलेला नसतो. निळा वाटेत कोणीतरी खाल्लेला असतो. खाते ती धूळ. तारे जन्मतात तिथेच धूळही दाट, आणि धूळ निळा आधी खाते.

किती खाल्ला ते कळलं की मुळात उजेड किती होता ते काढता येतं. याच्याइतकं देखणं गणित मला दुसरं माहीत नाही. बायकोला, मीनाला, सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "म्हंजे मधे काय आलंय ते डोळ्यांना दिसत नाय. काय कमी झालंय त्यावरून ओळखायचं." बरोबर आहे, पण पद्धतशीर नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पिवळ्याचा डबा परत संपला. सफेद गाड्यांत पिवळा थेंबाथेंबाने जातो. मी किती घालतो ते मला माहीत आहे. हा डबा संक्रांतीच्या पुढे जायला हवा होता. पुरवठादाराला फोन केला की डबे कमी भरून येतात.

"खंडूभाऊ, सील कंपनीचं असतं."

"सील मीसुद्धा लावू शकतो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मीना म्हणाली, "कशाला त्या बिचाऱ्याशी भांडता. व्हतं वरखाली." ती सायखेड्याची, माणसं सांभाळून घ्यायची सवय. धंद्यात ती चालत नाही.

मीना दुकानात माझ्याबरोबर कितीतरी वर्षं आहे. डबे पुसणं, मोजून ओतणं, झाकणं बसवणं. हात फार नेटका. नजर नाही, पण नजर काही शिकवून येत नाही. शुगर निघाल्यापासून मला जास्तच जपते. रंग तयार झाला की टपरीवर पिटाळते, "जा, बिनसाखरेचा घेऊन या, झाकण मी लावते." आज परत आलो तरी ढवळतच होती. ढवळून झालेला रंग.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मीना कालपासून सायखेड्याला, भाचीच्या हळदीला. दुकानात एकटाच. राकेशच्या गॅरेजातून एका सफेद दाराचं काम आलं होतं, ते दुपारच्या आत जुळवून दिलं. एकटा असलो की काम लवकर होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

राकेश दार परत घेऊन आला. राकेशचं गॅरेज पाथर्डी फाट्याला. पोरगा चांगला आहे, पण घाईचा.

"काका, राग मानू नका. दार निळं मारतंय."

"कुठे निळं?"

"बाहेर या ना उन्हात."

गेलो. डावा डोळा मिटून झाकण आणि दार शेजारी धरलं. मला काही दिसलं नाही. म्हणजे फरक दिसला नाही.

"तुझ्या गॅरेजातल्या ट्यूबा बदल," मी म्हटलं.

"आता उन्हात ट्यूब कुठून आली काका? गिऱ्हाईक मला विचारतंय, गाडीला नीळ घातली का म्हणून." मग जरा थांबून, "एकदा डोळे दाखवून टाका ना कोणाला."

त्याला शांतपणे समजावलं. समजा माझा डोळा पिवळा पडला, तर झाकण पिवळं दिसेल आणि रंगही तेवढाच पिवळा दिसेल. दोन्ही बाजूंना सारखंच. जुळणी चुकायचं कारण नाही. हे तर्काने सिद्ध आहे. राकेश म्हणाला, "ते तुमचं अवकाशातलं मला नाही समजत. मला पार्टीने दार परत दिलंय. तुमच्यासाठी थांबतो मी, पण आणखी एकदा असं झालं तर मशिनवाल्याकडे जावं लागेल."

राकेश गेला तर त्याचं बघून बाकीचे जातील. मग मी कोण? डबे विकणारा. डबे तर किराणा दुकानदारही विकेल.

मी टपरीवर गेलो तेवढ्यात मीनाने माझ्याच मापाने तोच रंग पुन्हा ओतून दिला. संध्याकाळी राकेशचा फोन, आता एकदम बरोबर बसलं. म्हणजे उलगडा झाला. माप बरोबर होतं, त्या दिवशी ओतताना माझा हात हलला असणार. ओतायला मीनाच हवी. तिला तसं सांगितलंही. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

६ डिसेंबर, शनिवार

दिवसभर एम चौऱ्याहत्तर. मुलांना हे सांगायला हवं की दुर्बिणीतून येतात ते काळे-पांढरे नकाशे. रंग आपण देतो. वायूला तांबडा दिला. हातांच्या आतल्या कडेने धुळीच्या काळसर रेघा जातात, त्या तशाच ठेवल्या. नव्या ताऱ्यांच्या झुबक्यांना निळा. हा निळा काही केल्या उठेना. मळकट दिसायचा, चहा सांडल्यासारखा. वाढवत गेलो, वाढवत गेलो, तेव्हा कुठे ताजा दिसला. सगळं अर्थात उजव्या डोळ्याने.

मीनाला दाखवलं. "लय निळं झालं हो," म्हणाली.

"नवे तारे निळेच असतात."

"असतील. पण एवढे?"

तिने कधी दीर्घिका पाहिलेली नाही. सोडून दिलं. कॉलेज रोडला नमुना छापायला टाकला.

९ डिसेंबर, मंगळवार

नमुना आला. छान. अंजली मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर, "सुंदर. जरा जांभळं वाटतंय का? की माझ्या मोबाईलमध्ये?" मोबाईलमध्येच. तसं कळवलं.

११ डिसेंबर, गुरुवार

राकेशच्या गॅरेजात उभा होतो. शेजारी पोरगं बोनेट घासत होतं, त्याचा कण उजव्या डोळ्यात गेला. नेमका उजव्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी काढला, पट्टी बांधली, दोन दिवस उघडायची नाही म्हणाले. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा नीट दाखवा, असंही. सगळ्यांनी एकच पाठ केलंय.

दुकानात आज उद्या जुळवणी बंद. आलेली झाकणं मीनाने ठेवून घेतली.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचं क्रमाने लिहितो.

सकाळी डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या नमुन्याकडे पाहिलं. दीर्घिका कुठे आहे तेच समजेना. नुसता निळा. धुण्याच्या बादलीत नीळ जास्त पडावी तसा, आणि धुळीच्या रेघासुद्धा जांभळ्या. पहिला विचार हा आला की डावा डोळा अडाणी आहे, त्याला कधी वळण लावलं नाही, त्याचं हे असं होणारच.

चहा झाला. मग दुसरा विचार आला, की दोघांपैकी एक खोटं सांगतोय आणि कोण ते मी दोघांना विचारून कळणार नाही. बाहेरचं काहीतरी लागेल, जे माझ्यावर अवलंबून नाही. २.८६ आहे तसं.

दुकानाची किल्ली घेतली आणि कंपनीचं शेडकार्ड घरी आणलं. त्यात शेजारी शेजारी दोन सफेद पत्ते आहेत. एकात निळा जास्त. मागे छापलेलं आहे, वादाचा प्रश्न नाही. पट्टी काढली. डोळा लाल होता पण दिसत होतं. डावा मिटला, उजव्याने पाहिलं. दोन्ही पत्ते एकच. दुपारी खिडकीत पाहिलं, गच्चीवर उन्हात पाहिलं. एकच. मग उजवा मिटून डाव्याने. फरक आहे. थोडा नाही, चांगला आहे. अडाणी डोळ्याला दिसतोय आणि तयार डोळ्याला दिसत नाही.

राकेशला दिलेला तर्क आठवला. दोन्ही बाजूंना सारखंच पिवळं पडेल, म्हणून जुळणी चुकणार नाही. तर्कात भोक आहे. एम चौऱ्याहत्तरच्या हातात काही जागी धूळ इतकी दाट आहे की तिथे निळी रेषा मोजताच येत नाही, गोंगाटात बुडते. नकाशावर तिथे मी स्वतः लिहून ठेवलंय की इथे निळा शून्य आहे असं समजू नये, तो आपल्यापर्यंत पोचत नाही एवढंच. दोन्ही पत्त्यांतला निळा माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. जो पोचत नाही त्यातला कमी-जास्त कसा कळणार?

इतकं साधं आहे. मंडळात हेच मी खडू घेऊन शिकवलंय.

मग पिवळ्या डब्याची आठवण झाली.

१४ डिसेंबर, रविवार

मीना भाकरी थापत होती. मी ओट्याजवळ उभा राहिलो.

"पिवळा तू घालतेस."

तिने हात थांबवला नाही. "हां."

"केव्हापासून?"

"पोळ्याच्या आसपास. त्या बँकवाल्या साहेबांची गाडी नव्हती का. तुम्ही रंग दिला आणि मला उन्हात निळा दिसला. मग थेंबभर घातला."

"मला सांगायचंस."

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणले, मीना, नजर शिकवून येत नाही." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मग म्हणलं जाऊ दे. चहाला पाठवलं की झालं."

"किती घालायचा ते कसं कळतं तुला?"

"बघते."

"कोणत्या डोळ्याने?"

"दोन्ही. मला कुठं उस्ताद व्हता."

जेवलो नाही. नंतर जेवलो.

१६ डिसेंबर, मंगळवार

डोळ्यांचे डॉक्टर. उजव्यात मोतीबिंदू, चांगला वाढलेला, आतून पिवळा-तपकिरी. डाव्यात सुरुवात. शुगरमुळे वयाच्या आधी आला म्हणाले. शुगर खाली आली की जानेवारीच्या शेवटी शस्त्रक्रिया. मी विचारलं, हे भिंग कोणत्या रंगाचा किती उजेड शोषतं त्याचा आलेख आहे का. डॉक्टर म्हणाले, "काका, भिंग बदलून देतो ना, आलेख कशाला?" मीना शेजारून म्हणाली, "द्या हो असला तर. त्याशिवाय ते तयार व्हायचे नाहीत." आलेख नव्हता.

गेले दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. राग तिचा नाही. चार महिने मी टपरीवर उभं राहून लोकांना सांगत होतो की मशिनला माझी सर नाही, आणि त्याच वेळी आत ती माझा रंग सुधारत होती. त्यांनी हे ऐकलं तर काय म्हणतील, हे मनातून जात नाही. तिला काय वाटत असेल हे आज दवाखान्यातून येताना रिक्षात पहिल्यांदा मनात आलं. विचारलं नाही. ती माझी फाइल मांडीवर घेऊन बाहेर बघत होती.

१८ डिसेंबर, गुरुवार

पुरवठादाराला फोन करून डबे बरोबर भरलेले असतात असं कळवलं. त्याने कारण विचारलं. सांगितलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

रंगीत चित्र रद्द केलं. अंजली मॅडमना दोन काळे-पांढरे नकाशे देतो, तांबड्या रेषेचा आणि निळ्या रेषेचा, आणि तिसरा दोघांच्या भागाकाराचा. जिथे भागाकार २.८६ च्या वर, तिथे धूळ. हे माझ्या डोळ्यावर अवलंबून नाही. मॅडम म्हणाल्या, "मुलांना रंगीत आवडलं असतं." म्हटलं, मुलांना खरं द्यावं. जरा जोरात म्हटलं असेन.

मीनाने तिसरा नकाशा बराच वेळ पाहिला. "ह्या पांढऱ्या जागा म्हंजे धूळ का?"

"तिथेच सगळ्यात जास्त तारे जन्मतायत."

"आणि बाहेरून तिथंच काळं दिसतं."

"हो."

"बरं," म्हणाली, आणि कुकर बंद करायला गेली.

२८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते असं.

अकरा वाजता राकेश आला, बरोबर अख्खी सफेद गाडी आणि गाडीच्या मालकीणबाई. लताबाई, इगतपुरीला शाळेत आहेत. बसने डावी बाजू पुढून मागपर्यंत घासलेली. राकेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाईंना मागचं निळं दार माहितीये, त्यांच्या भाच्याचीच गाडी ती. समोर जुळवलेलं बघायचंय म्हणतात. इथे नाही जमलं तर सरळ मशिनवर. आणि मग मलाही पुढची कामं तिकडेच न्यावी लागतील, समजून घ्या."

शेजारचे दोन गॅरेजवाले येऊन उभे. टपरीवाला पण.

मूळ मिश्रण मी सांगितलं, ते पाठ आहे, मीनाने ओतलं. मग शेवटच्या थेंबांची वेळ आली. ढवळायची काडी माझ्या हातात होती. सवयीने डावा डोळा मिटला. समोर झाकण, शेजारी नमुन्याच्या पट्टीवर रंग, दोन्ही एकसारखे, अगदी एकसारखे. मी "झालं" म्हटलं असतं तर मीना म्हणाली असती, "जा, चहा घेऊन या." ती माझ्याकडे बघतही होती. चहाचे पैसे तिने गल्ल्यावर काढून ठेवले होते.

मी डोळा उघडला आणि काडी तिच्या हातात दिली.

"तू बघ."

राकेश हसला. "काकू बघणार?"

"राकेश," मी म्हटलं, "पोळ्यापासून तुझ्या सगळ्या सफेद गाड्या हिनेच जुळवल्यात. ते निळं दार तेवढं माझं."

टपरीवाल्याने उगाच घसा खाकरला. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. मीनाने पदर खोचला.

"उजेडातून जरा सरका," मला म्हणाली. सरकलो.

ती पिवळ्याचा एक थेंब सोडते, ढवळते, पट्टीवर ओढते, मग लगेच बघत नाही. वाळेपर्यंत भलतीकडेच बघते, रस्त्याकडे, मग एकदम वळून एक नजर टाकते. दोन्ही डोळ्यांनी. ही पद्धत मी कुठे वाचलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "सारखं बघत बसलं की डोळा ऐकायला लागतो आपलं." आणखी एक थेंब. मग काळ्याचा सुईच्या टोकावर येईल एवढा. हा काळा मला सुचला नसता.

लताबाईंनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठे शिकलात?"

"इथंच," मीना म्हणाली. "ह्यांचं बघून."

मी सुधारणार होतो, पण राहू दिलं.

मागच्या दारावर, जिथे घासलेलं नव्हतं तिथे, तिने बोटभर पट्टा ओढला. सगळे वाकले. लताबाई चष्मा वर करून बघत होत्या. राकेश म्हणाला, "कुठे लावला?" मी आधी उजव्याने बघितलं, मग डाव्याने, मग दोन्हींनी. उन्हात बघितलं, सावली धरून बघितलं. तिने तो माझ्यासमोर लावला होता, तरी मला पट्टा सापडेना. शेवटी बोटाने चाचपत गेलो, तेव्हा कड लागली.

"बोट नका लावू," मीना म्हणाली, "ओला आहे."

तोवर ठसा उठला होता. तिला तो पुसून परत मारावा लागला.